सातबाऱ्यांतील चुकीची दुरुस्ती

जमिनीचा सारा, सोसायटीचें कर्ज व कारखान्याकडील उसाची नोंद या सर्वांचा आधार सातबाऱ्याचा उतारा होय. त्यांत एक आकडा चुकला, तर ती चूक पुढील प्रत्येक कागदांत उतरते. कोडोलीसारख्या वारणाकांठच्या बागायत भागांत गुंठ्यागुंठ्याचें मोल मोठें. म्हणून अशी चूक कशी शोधावी व दुरुस्त करून घ्यावी, याचा येथें विचार करूं.

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेतांना कांहीं चुका झाल्या. समजा, जुन्या उताऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ५ आर आहे, तें १.०५ ऐवजीं १.५० असें नोंदलें गेलें. यानें कागदावर एकराहून अधिक जमीन वाढली. पण यांत संतोष मानूं नये. गटाची बेरीज जुळत नाहीं व वांटणीच्या अथवा विक्रीच्या वेळीं व्यवहार अडतो. उलट चूक झाल्यास तितकेंच क्षेत्र आपल्या हातचें जातें.

प्रथम जुना हस्तलिखित सातबारा, नवा उतारा, आठ-अ व संबंधित फेरफार समोर ठेवून चूक कोठें शिरली तें पाहावें. मग ती कोणत्या प्रकारची आहे, हें ठरवावें.

लेखनप्रमाद असेल, किंवा सर्व संबंधितांना चूक मान्य असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ खालीं ती केव्हांही दुरुस्त करतां येते. कोडोलीकरांनीं वरील कागदांच्या नकला जोडून पन्हाळ्याच्या तहसीलदारांकडे अर्ज करावा व त्याची पोच अवश्य घ्यावी. आदेश झाला म्हणजे काम संपलें, असें मात्र समजूं नये. त्या आदेशाचा फेरफार धरला जाऊन मंजूर झाला पाहिजे. त्यानंतर सातबारा व आठ-अ दोन्ही नव्यानें काढून आकडा स्वतः ताडून पाहावा.

परंतु हिस्सा कोणाचा, वारसाचें नांव कां गळालें, असा वाद असेल तर कलम १५५ उपयोगी नाहीं. मंजूर फेरफाराविरुद्ध कलम २४७ प्रमाणें प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांच्या आंत अपील करावें. मालकीचा निर्णय मात्र दिवाणी न्यायालयच देतें. दुरुस्तीच्या नांवाखालीं भावाचें अथवा बहिणीचें नांव कमी करूं पाहणें हें कायद्यास धरून नाहींच, घरासही धरून नाहीं.

कलम १५७ प्रमाणें, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानली जाते. म्हणजे आपण जितके दिवस गप्प बसूं, तितके दिवस चुकीची नोंदच खरी ठरते. यासाठीं प्रतिवर्षीं कर्ज उचलण्यापूर्वीं उतारा काढून नांव, गट, क्षेत्र, आकार व बोजा या पांच गोष्टी वाचाव्या. हें काम अर्ध्या घटकेचें आहे; तें टाळल्यास पुढील पिढीस कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात.