तुकड्यातुकड्यांचा दिवस: घरातून धंदा करणाऱ्या आईचा वेळ

घरातून धंदा करणाऱ्या आईचा दिवस इतरांच्या वेळापत्रकांवर चालतो. शाळेची वेळ शाळा ठरवते, नळाची वेळ महापालिका, नवऱ्याची पाळी कारखाना आणि ब्लाउज कधी हवा हे ज्या घरी लग्न आहे ते घर. या सगळ्यांतून उरणारा वेळ हाच तिच्या धंद्याचा वेळ. तो सलग नसतो, तुकड्यांत मिळतो. पहाटे चारला उठण्याचे सल्ले याच ठिकाणी तोकडे पडतात. दिवस लांबवला तरी तुकड्यांचे तुकडेच राहतात, फक्त झोप कमी होते.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला असलेले हर्सूल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हर्सिद्धी मातेचे मंदिर ही त्याची जुनी ओळख. एकेकाळी वेगळे असलेले हे गाव आता महापालिकेच्या हद्दीतली वस्ती झाले आहे. जुनी घरे, नव्या सोसायट्या आणि प्लॉटिंग शेजारी-शेजारी दिसतात. शिलाई, पिको-फॉल, पापड-कुरडया, मसाले, दिवाळीचा फराळ, डबे, शिकवण्या, मेंदी, केक अशी कामे इथल्यासारख्या वस्त्यांत घराघरांत चालतात. बाहेर पाटी क्वचितच असते. गल्लीला माहीत असते, तेवढे पुरते.

या शहरात वेळेचा हिशेब पाण्यापासून सुरू होतो. हर्सूल तलावातून जुन्या शहराच्या काही भागाला पाणी मिळते, पण शहराची मुख्य भिस्त पैठणच्या जायकवाडीवर, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरून आणलेल्या पाण्यावर. नव्या मोठ्या पाणीयोजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी, हे गेल्या कित्येक वर्षांचे वास्तव. अंतर कधीकधी आठवड्याच्याही पुढे जाते. पाण्याचा दिवस म्हणजे पिंपे, हौद, टाकी भरण्याचा, साठलेली धुणी काढण्याचा दिवस. त्या दिवशी मशीनवर बसणे होत नाही. अनुभवी बाई त्या दिवशी कोणालाच ‘आज देते’ म्हणत नाही.

याच्या जोडीला कारखान्यांच्या पाळ्या. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांच्या घरी पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असताना एका खोलीच्या घरात मशीन चालवता येत नाही. शाळेची गोष्टही तशीच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच होता. पण ज्या घरांत सातची शाळा नऊची झाली, तिथे आईला सकाळी लवकर मिळणारा मोकळा वेळ सरकून दुपारकडे गेला. मराठवाड्यातली उन्हाळ्याची दुपार म्हणजे चाळिशी ओलांडणारा पारा. पत्र्याखाली शिलाई किंवा गॅससमोर तळण करण्याची ती वेळ नव्हे.

घरकामाला किती वेळ जातो, याचा अंदाज सरकारी पाहणीतून मिळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. २०२४ च्या पाहणीत सहा वर्षांवरील, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामाला देतात असे दिसले. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा होता. घरातल्यांच्या संगोपन-शुश्रूषेसाठी ते काम करणाऱ्या स्त्रियांचा वेळ सरासरी १३७ मिनिटे, पुरुषांचा ७५. २०१९ मध्ये घरकामाचे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पुरुषांचीही नऊ वाचली. म्हणजे स्त्रियांचे काम पुरुषांकडे गेले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ही सरासरी आहे. लहान मूल असलेल्या आईला दोन्ही कामे करावी लागतात, त्यामुळे धंद्याला हात लावण्याआधीच तिचे सात तासांच्या आसपास गेलेले असतात.

उरलेल्या तुकड्यांत काय बसते आणि काय बसत नाही, हे ओळखणे हे या सगळ्या नियोजनातले मुख्य कौशल्य. काही कामे मध्येच सोडता येतात: हातशिलाई, हुक लावणे, लसूण सोलणे, पाकिटांवर लेबल चिकटवणे. मूल रडले तर सुई टोचून ठेवायची, परत आल्यावर तिथूनच पुढे. काही कामे मात्र सुटत नाहीत. ब्लाउजचे कटिंग हे त्यातले. कात्री एकदा चुकली की गिऱ्हाइकाचे कापड गेले. चकलीचे पीठ, केकचे मिश्रण, पाकाचे लाडू यांनाही थांबवता येत नाही. पाक पुढे गेला की लाडवाचा दगड होतो. अर्धवट सोडलेले काम डोक्यात रेंगाळत राहते आणि पुढच्या कामावरचे लक्ष कमी करते, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रयोगांनी दाखवले. तिचा विषय कार्यालयातली कामे हा होता. स्वयंपाकघराच्या दारात मशीन ठेवलेल्या बाईला यासाठी प्रयोगाची गरज पडली नसती. म्हणून न सुटणारे काम मुले शाळेत असताना किंवा निजल्यावर, आणि सुटणारे काम मुलांच्या अभ्यासाशेजारी बसून, अशी विभागणी उपयोगी पडते. पुष्कळ घरांत नेमके उलटे होते. मोकळ्या तासात आवराआवर केली जाते आणि कटिंग गर्दीत.

कुरडयांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. गहू तीनेक दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचे पाणी नितळून टाकायचे आणि पहाटे तो शिजवून सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. ऊन चढण्याआधी त्या गच्चीवर गेल्या पाहिजेत. म्हणजे शनिवारी कुरडया पाडायच्या तर गहू मंगळवारी किंवा बुधवारी भिजत पडले पाहिजेत आणि मधल्या प्रत्येक दिवशी बदलायला पाणी शिल्लक पाहिजे. नळाचा दिवस या हिशेबात धरला नाही तर टँकर मागवावा लागतो आणि नफ्यातला एक वाटा त्याच्याकडे जातो. एक गोष्ट मात्र सोयीची. वाळवणाचा हंगाम मे महिन्याच्या सुट्टीत येतो आणि कावळ्या-चिमण्यांपासून वाळवण राखायला मुले आयती मिळतात. कच्चा चीक खायला मिळणार असेल तर ती तक्रारही करत नाहीत.

बाईचा वेळ तुकड्यांत मिळतो, हे गृहीत धरून धंद्याची रचना केली तर काय होते, याची उत्तम उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथून ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. त्याचे कौतुक बहुतेक वेळा उलाढालीवरून होते. वेळेच्या दृष्टीने त्याची रचना अधिक शिकण्यासारखी आहे. पीठ मळण्याचे, न सुटणारे आणि चवीचा सारखेपणा ठरवणारे काम केंद्रावर होते. ‘बहिणी’, म्हणजे सदस्य बायका, सकाळी मळलेले पीठ घरी नेतात, आपल्या सवडीने लाटतात, वाळवतात आणि तयार पापड केंद्रावर परत देतात. तिथे माल तपासला जातो आणि मजुरी मिळते. विक्री, पॅकिंग, उधारीची वसुली यांतले काहीही लाटणाऱ्या बाईच्या डोक्यावर नसते. मोबदला तासांवर न देता किलोवर दिला जातो, म्हणून मध्ये दोनदा उठावे लागले तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांचे गणित वेगळे होते. गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना त्या आपल्या खोलीत जेवू घालत. गिरण्या पाळ्यांवर चालत, त्यामुळे भाकऱ्याही पाळ्यांवर. इथे वेळ बदलण्याची सोयच नव्हती, भोंगा वाजला की ताट तयार लागे. शिवाय वाणसामान उधारीवर आणि कर्ज सावकाराकडून, म्हणजे राबण्यातला बराच भाग व्याजात जायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाईचे कष्टाचे तास तेवढेच राहिले, पण त्यांचा मोबदला तिच्या हातात जास्त येऊ लागला. वेळेच्या व्यवस्थापनाची पुस्तके हा मुद्दा सहसा घेत नाहीत. साताऱ्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘माणदेशी महिला सहकारी बँके’नेही तेच ओळखले. बँकेत येण्यासाठी बाईचा रोज बुडतो, म्हणून बँकच तिच्या दारापर्यंत गेली.

घरकामाकडे कारखान्याच्या नजरेने पाहणारी एक आई अमेरिकेत होऊन गेली. लिलियन गिलब्रेथ आणि तिचा नवरा फ्रँक कामातल्या हालचालींचा अभ्यास करून उद्योगांना सल्ला देत. १९२४ मध्ये फ्रँक अचानक वारला तेव्हा तिच्यामागे अकरा मुले होती. काही कारखान्यांनी बाईकडून सल्ला घ्यायला नकार दिला, तेव्हा तिने न्यू जर्सीतल्या घरातच प्रशिक्षणाचे वर्ग चालवले आणि पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास केला. ओटा, भांडी, सामान हाताच्या अंतरावर आणले तर किती पावले वाचतात, हे तिने मोजून दाखवले. हर्सूलच्या दहा बाय दहाच्या खोलीतही हा धडा लागू पडतो. दोरा, कात्री, टेप, खडू मशीनपाशी आणि गिऱ्हाइकांची कापडे नाव लिहिलेल्या वेगळ्या पिशव्यांत असली तर शोधाशोधीत जाणारा अर्धा तास वाचतो. गिलब्रेथच्या घराची दुसरी बाजू मात्र विसरू नये. तिच्याकडे घरकामाला माणसे होती आणि मुलांच्या कामांचे तक्ते भिंतीवर लावलेले असत. एकट्या बाईने अकरा मुले आणि धंदा ओढला, असे तिथेही घडले नव्हते.

आपल्याकडे घरकामाचा हा वाटा पूर्वी सासूबाई, जाऊबाई, नणंद उचलत. वस्ती बदलली, कुटुंबे लहान झाली, आणि हर्सूलला नव्याने राहायला आलेल्या अनेक घरांत तो वाटा उचलणारे कोणी नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे, पण ती काही तासांचीच. पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा नोकरदार बाईसाठी आहे, स्वतःचा धंदा असलेल्या बाईची रजा तिची तीच काढते. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नवी ऑर्डर मर्यादित ठेवणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मोठी मुले, नवरा, सासरे यांच्यावर ठरावीक कामे सोपवणे हे धंद्याच्या नियोजनातच धरावे. ‘मदत’ म्हणून मागितलेले काम पाहुणे आले की बंद पडते, नेमून दिलेले काम सहसा टिकते.

गिऱ्हाइकाला वेळ नेमून देणे त्याहून अवघड जाते. धंदा घरात असला की दार चोवीस तास उघडे आहे, अशी समजूत होते. दुपारी चार ते सहा मापे आणि ट्रायल, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी रात्री एकदाच पाहायच्या, आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय फराळाची नोंद नाही, असे दोन-तीन नियम दोन महिने पाळले तर गल्ली ते मानू लागते. वर्षाचा आराखडाही आधीच मांडता येतो. चैत्र-वैशाखात वाळवण, मसाले आणि लग्नसराईची शिलाई, जूनमध्ये गणवेश, मग गणपती, नवरात्र आणि दिवाळी. सर्वांत जास्त गर्दी दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत असते आणि त्याच काळात घरची दिवाळीही असते. चिवड्याचे भाजके पोहे, भाजणी, लाडवाचा रवा अशी टिकणारी तयारी नवरात्रातच करून ठेवणारीचा ताण निम्म्याने उतरतो.

घरधंद्यात सर्वांत जास्त वेळ दरातून वाया जातो. समजा एक किलो पापडांना लाटणे-वाळवणे धरून तीन तास लागतात आणि सामानाचा खर्च वजा जाता साठ रुपये सुटतात. म्हणजे तासाला वीस रुपये पडले. ‘घरीच तर असते’ या हिशेबाने हे तास मोजलेच जात नाहीत. आठवडाभर प्रत्येक वस्तूला लागलेला वेळ वहीत लिहिला तर कुठली वस्तू सोडून द्यावी आणि कुठल्या वस्तूचा दर वाढवावा, हे आकडेच सांगतात. येसर किंवा काळा मसाला एकदा भाजून-दळून महिनाभर विकता येतो. रोजच्या डब्याला मात्र रोज सकाळ द्यावी लागते. दोन्हींचा नफा सारखा असला तरी दोन्हींची किंमत सारखी नसते.

कागदपत्रांचे काम एकदाच वेळ खाते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान धंद्याला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागण्याची गरज नाही. धंद्याचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवले की महिनाअखेरचा हिशेब लवकर उरकतो.

मागणी वाढत गेली की एक टप्पा असा येतो की कितीही आखणी केली तरी तास पुरत नाहीत. तेव्हा गल्लीतलीच एखादी बाई हाताखाली घेतली जाते, आणि बहुधा तिलाही मुले असतात. तिला हुक आणि फॉलचे काम घरी नेऊ दिले आणि दर नगावर ठरवला तर दोघींचेही जमते. तिला रोज सकाळी दहाला येऊन बस म्हटले तर ती महिन्याभरात सोडून जाते.