बागेचे दप्तर

पश्चिम घाटातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला एक विशिष्ट चिठ्ठी कधी ना कधी भेटतेच. जाड कागदावर चिकटवलेली, पावणेदोनशे वर्षांपूर्वी दाबून वाळवलेली फांदी आणि तळाच्या कोपऱ्यात छापील मजकूर. ठिकाण: मलबार, कोकण, इत्यादी. गोळा करणारे: स्टॉक्स, लॉ, इत्यादी.

दोन ओळी आणि दोन ‘इत्यादी’. झाड केरळात मिळाले की ठाण्याजवळ, पत्ता नाही. स्टॉक्स हा कंपनी सरकारचा डॉक्टर, लॉ मुलकी अधिकारी. त्यांनी आणि इतरांनी मुंबई इलाख्यात गोळा केलेली झाडे जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन यांच्या हाती गेली आणि त्यांनी अशा सरसकट चिठ्ठ्या लावून ती युरोपभरच्या वनस्पतिसंग्रहांना वाटली. वाटणाऱ्यांची सोय झाली, पुढच्या पिढ्यांची पंचाईत.

यात एवढे काय बिघडले, असे वाटेल. पण आपल्या सड्यांवरच्या कित्येक वनस्पती दोन-चार डोंगरांपलीकडे कुठेच उगवत नाहीत. अशी एखादी शंभर वर्षांत कुणाला दिसली नाही, तर ती नष्ट झाली म्हणायचे की आपण चुकीच्या डोंगरावर शोधतोय म्हणायचे? उत्तर त्या वाळलेल्या फांदीत नसते. ते गोळा करणाऱ्याच्या कागदपत्रांत असते. अमक्या पावसाळ्यात त्याची नेमणूक कुठे होती, दौऱ्याचा भत्ता कोणत्या गावापर्यंतचा मागितला, बागेच्या प्रमुखाला कोणत्या मुक्कामाहून पत्र लिहिले. बदलीचा हुकूम, प्रवासखर्चाचे बिल, पार्सलाची पोच हे कारकुनी कागद वनस्पतिशास्त्राचा पुरावा ठरतात. हे नमुने टिकावेत म्हणून जगभर वातानुकूलित इमारती आहेत, ते योग्यच. या कागदांना मात्र अनेक ठिकाणी जिन्याखालची जागा मिळते.

आपल्या दारातलेच उदाहरण घ्या. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की दापोडी लागते. पवना इथे मुळेला मिळते. इंग्रजी कागदांतली ‘दापुरी’ ती हीच. गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत, 1828 साली, इथे सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. 1838 पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला. जुन्नर भागात हिवऱ्याला त्याची आणखी एक बाग होती आणि तिथे दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकत. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. निकोल डॅल्झेलबरोबर त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 मध्ये छापून निघाला. सह्याद्रीतल्या एका आमरीच्या शास्त्रीय नावात, ‘हॅबेनारिया गिब्सोनी’मध्ये, तो अजून आहे.

याच गिब्सनने 1847 ते 1850 या काळात एका चित्रकाराकडून बागेतल्या वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. काही इथल्याच रानातल्या, काही परमुलखातून आणून लावलेल्या. दीडशेहून अधिक चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. तिथले अभ्यासक हेन्री नॉल्टी यांनी जुना सरकारी पत्रव्यवहार आणि अहवाल चाळून त्यांची हकीकत जुळवली आणि 2002 मध्ये चित्रांसह पुस्तक काढले. बाग कुठे होती, कुणी चालवली, चित्रे कशासाठी काढली, सगळे समजले. चित्रकाराचे नाव तेवढे मिळाले नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढीच त्याची ओळख. त्या काळी मुंबई इलाख्यात गोव्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती माणसालाही सर्रास ‘पोर्तुगीज’ म्हणत. म्हणजे हा हात बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचा.

पाकळीवरची शीर न् शीर रंगवणाऱ्या माणसाचे नाव कुणी चित्राखाली लिहिले नाही. ते कुठे सापडू शकले असते? पगारपत्रकात. माळी, रोपे वाहणारे, जंगलात वाट दाखवणारे, चित्रकार अशा लोकांची नावे इतरत्र क्वचितच येतात. शास्त्रज्ञाची पत्रे जपली जातात, हजेरीपट रद्दीत जातो. माझ्या मते बागेच्या दप्तरातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद हाच.

नावे नोंदायची पद्धतच नव्हती, असेही नाही. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 1678 पासून ‘हॉर्टस मलबारिकस’चे 12 खंड काढले. त्याला मदत करणारे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य होते. त्यांचे 1675 सालचे निवेदन पहिल्या खंडात चक्क नागरी अक्षरांत छापलेले आहे. मद्रासकडच्या रॉबर्ट वाइटने तर आपल्या गोविंदू या चित्रकाराच्या नावाने आमरीच्या एका प्रजातीला ‘गोविंदूइया’ म्हटले. ते नाव आता शास्त्रात चालत नाही, पण गोविंदू नोंदला गेला तो गेलाच. दापुरीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आता प्रत्यक्ष कागदाकडे येऊ, कारण कागद नुसता कपाटात ठेवला म्हणून टिकत नाही. बाळगुटीतले मायफळ आणि हिरडा तुम्हाला माहीत असतील. दोन्ही तुरट, कारण दोन्हींत टॅनिन भरपूर. मायफळाच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई तयार होते. युरोपातली कचेऱ्यांची शाई शतकानुशतके हीच, आणि कंपनी सरकारचा पत्रव्यवहारही अशाच शाईचा. ती पाण्याने सहज पुसली जात नाही, म्हणून लोकप्रिय. पण शाई तयार होतानाच तिच्यात गंधकाम्ल उतरते, शिवाय जास्तीचे लोह मोकळे राहते. आम्ल कागदाचे तंतू तोडते आणि लोह त्या तंतूंच्या ऑक्सिडीकरणाचा वेग वाढवते. अक्षर आधी तपकिरी पडते, मग पानाच्या पाठीवर उमटते, मग त्याच्या कडेने कागद तडकतो. शेवटी इंग्रजी ‘ओ’ असेल तिथे ‘ओ’च्या आकाराचे भोक उरते. आपल्या मोडी दप्तरांतली काजळाची शाई हा उपद्व्याप करत नाही, कारण काजळ म्हणजे शुद्ध कार्बन. भिजली तर ती पसरेल, पण कागद खाणार नाही.

धोका किती आहे ते पाहायची एक साधी चाचणी आहे. विशिष्ट रसायन लावलेली पांढरी पट्टी किंचित ओली करून अक्षरावर अर्धा मिनिट दाबायची. पट्टी गुलाबी झाली तर मोकळे लोह आहे. अशा कागदाला कॅल्शियम फायटेटच्या द्रावणात बुडवतात. फायटेट म्हणजे धान्याच्या कोंड्यात असते तेच. ते लोहाला धरून ठेवते. मग कॅल्शियम बायकार्बोनेटने उरलेले आम्ल मारायचे आणि तडे गेलेल्या जागी गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद चिकटवायचा. जलरंगातल्या चित्राला मात्र असे न्हाऊ घालता येत नाही, रंग निघून जातील. त्याला अंधार आणि कोरडी हवा हेच औषध.

कोरडी हवा आपल्याकडे चार महिने दुर्मीळ. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरते. पाठोपाठ कसर येते, तिला बांधणीतली खळ आवडते. वाळवीला काहीही चालते. पूर्वी नमुन्यांना किडीपासून वाचवायला पाऱ्याचा विषारी क्षार लावत. किडीसोबत तो अभ्यासकालाही बाधायचा. आता अनेक ठिकाणी नमुने आणि कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे 30 अंशांच्या आसपास काही दिवस गोठवतात. कीड मरते, विष उरत नाही.

तरीही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दुसरी प्रत. कंपनी सरकारला नकला करायची खोड होती. पुण्यातला अहवाल मुंबईला, मुंबईचा लंडनला. तेव्हाच्या कारकुनांनी त्यापायी बोटे मोडली असतील, पण एका ठिकाणचे दप्तर बुडाले तरी दुसऱ्या ठिकाणी काही सापडते ते त्यामुळेच. बर्लिनच्या वनस्पती उद्यानावर 1 मार्च 1943 च्या रात्री बाँब पडले आणि तिथला बहुतांश वनस्पतिसंग्रह आणि ग्रंथालय जळाले. पण मॅकब्राइड नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1929 पासून युरोपातल्या संग्रहांत फिरून नमुन्यांची छायाचित्रे घेतली होती. बर्लिनमधल्या कित्येक मूळ नमुन्यांचे आज फक्त ते फोटो उरले आहेत.

आता सगळे स्कॅन केले की झाले, असा समज आहे. स्कॅन हवेच, पण फाइलला ‘स्कॅन 047’ नाव असेल तर ती पुन्हा ‘इत्यादी’च. कुणी लिहिले, कुणाला, कधी, कुठून हे सोबत नोंदले तरच ते पत्र नमुन्याशी जोडता येते. त्यात एकाच गावाची स्पेलिंगे पाच, एकाच आद्याक्षरांची माणसे तीन. हे काम यंत्र एकटे करू शकत नाही, त्या मुलखाची ओळख असलेले माणूस लागते.

आणि हे दप्तर फक्त इंग्रजांच्या काळातले नाही. तुमच्या घरातले कुणी कृषी महाविद्यालयात, वनखात्यात, सरकारी रोपवाटिकेत किंवा एखाद्या बागेत नोकरीला असेल, तर त्यांच्या वह्या, दौऱ्याच्या डायऱ्या, फोटो आणि नकाशे रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. टाचण्या आणि रबरबँड काढा. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यातून कागद पुन्हा सुटा करणे फार अवघड जाते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव लिहा. कडेला खुरपे घेऊन उभ्या असलेल्या माळ्याचेही.