मदतीच्या यादीत ‘ळ’ची जागा

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये ‘हेल्प’ लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं, की एंटर दाबताच तिची माहिती समोर येते. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

ही चपळाई आधीच करून ठेवलेल्या कामामुळे येते. डच प्रोग्रामर ब्रॅम मोलेनार यांनी १९९१मध्ये व्हिम सर्वांसाठी खुला केला. त्याच्या मदतीच्या फायलींत शोधायची नावं दोन फुल्यांच्या मधे लिहिलेली असतात. ‘हेल्पटॅग्ज’ ही आज्ञा ती नावं वेचून, क्रमाने लावून ‘टॅग्ज’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. शोध होतो तो या यादीत. ‘हेल्पग्रेप’ ही आज्ञा मात्र सगळ्या फायली ओळ न ओळ वाचते, म्हणून तिला वेळ लागतो.

यादी क्रमाने लावलेली असली, की आणखी एक युक्ती वापरता येते. शब्दकोश मधेच उघडून आपण मागे जायचं की पुढे ते ठरवतो, तसंच संगणक दर वेळी अर्धी यादी बाद करतो. ८,००० नावांतून हवं ते नाव जास्तीत जास्त १३ तुलनांत सापडतं. याला द्विभाजन शोध म्हणतात.

अट एकच: यादी ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाने शोधायची. मराठीत नेमकी इथेच गफलत होऊ शकते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र ‘ल’चा क्रमांक २३५४, लगेच ‘ळ’चा २३५५, ‘व’चा २३५७ आणि ‘ह’चा २३६१.

समजा, मराठी क्रमाने यादी लावली: जवस, जहाज, जळगाव. आता युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘जळगाव’ शोधू. मधला शब्द ‘जहाज’. ‘ळ’चा क्रमांक ‘ह’पेक्षा लहान, म्हणून संगणक मागे वळतो. तिथे ‘जवस’, ‘ळ’ त्यातल्या ‘व’च्याही आधीचा. त्याच्या मागे काहीच नाही, म्हणून उत्तर येतं, ‘सापडलं नाही’. शब्द यादीत असूनही!

यावर उपाय आहे. भाषांचे संगणकीय नियम जपणाऱ्या सीएलडीआर या युनिकोडच्या संग्रहात मराठीसाठी ‘ह’नंतर ‘ळ’ असा क्रम नोंदलेला आहे. यादी लावताना आणि शोधतानाही तोच वापरायला हवा. मराठीतून मदत देणारा एडिटर तपासायला खानदेशचा नकाशा पुरेसा आहे: जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा.