रंग ऐनवेळी

रंगाच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी पिशवीतून ब्लाउजपीस काढला. "हॉलच्या एका भिंतीला या काठाचा रंग हवाय." काउंटरवरच्या पोराला यात काही विशेष वाटलं नाही. त्यानं मुठीएवढं यंत्र काठावर टेकवलं, पडद्यावर जवळची छटा शोधली आणि फळीवरून डबा उतरवला. आत दुधासारखा पांढरा बेस.

शेड कार्डात हजाराहून जास्त छटा असतात. प्रत्येक छटेचे एक, चार, दहा, वीस लिटरचे तयार डबे ठेवायचे तर एकाच प्रकारच्या रंगाचे चार हजारांहून जास्त डबे होतील. ठेवणार कुठे? म्हणून कारखाना नुसता बेस भरतो. रंग ठरतो तो गिऱ्हाईक समोर आल्यावर. इटलीतल्या बेनेटन कंपनीनं स्वेटर आधी बिनरंगी विणून ठेवले आणि कुठला रंग खपतोय ते बघून मग रंगवले. युक्ती तीच.

बेस मात्र एकच नसतो. फिक्या छटांच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर, गडद छटांच्या बेसमध्ये जवळजवळ नाहीच. हा दुसराही डब्यात पांढराच दिसतो, पण नुसता भिंतीवर लावला तर वाळून पारदर्शक होतो. बाईंचा डाळिंबी काठ यातलाच.

डबाही काठोकाठ भरलेला नसतो. वरून पडणाऱ्या रंगद्रव्याला जागा लागते. रंगद्रव्य सोडणाऱ्या मोठ्या यंत्रात 16 टाक्या होत्या. लाल बराच वेळ पडला, काळा जेमतेम. "काळा चुकला की गेलाच डबा," पोरगा म्हणाला. मग डबा शिकंज्यात आवळून गरागरा फिरवला, झाकणावर बोटानं ठिपका दिला, हेअर ड्रायरनं वाळवला आणि काठाशेजारी धरला. ओल्या रंगावर तो विश्वास ठेवत नाही.

पूर्वी आमचा रंगारी बादलीत अंदाजानं स्टेनर, म्हणजे रंगद्रव्य, ओतायचा. दुसरी बादली पहिलीसारखी कधीच व्हायची नाही. यंत्रानं ती कटकट संपवली असं समजून गेल्या दिवाळीत मी कमी पडलेला एक लिटर नंतर आणला. खिडकीखालचा तो पट्टा उन्हात अजून दिसतो. सगळा रंग एकदम घेऊन, डबे एकत्र कालवायला हवे होते.

"भिंत किती बाय किती?" पोरानं बाईंना डबा उघडण्याआधीच विचारलं होतं, कारण रंग पडलेला डबा परत घेत नाहीत. तरी कोपऱ्यात असे पाच-सहा साठलेले होतेच. त्यातला एक भडक पोपटी.

"हा कुणाचा?"

"घरच्यांना पसंत पडला नाही. अर्ध्या किमतीत देतो, काका. सोसायटीच्या पंपाच्या खोलीला चालेल."