बाळाच्या दुधातला स्निग्धांश

अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन इथे आरिल्ड हॅन्सन या बालरोगतज्ज्ञांनी वरच्या दुधावर वाढणाऱ्या ४२८ बाळांचा अभ्यास केला. बाळांना वेगवेगळ्या प्रकारचं दूध दिलं होतं आणि त्यातल्या एकात स्निग्धांश जवळजवळ नव्हताच. ते दूध पिणाऱ्या बाळांची कातडी कोरडी पडली, जाड झाली, तिचे पापुद्रे सुटू लागले. बाळं दूध भरपूर प्यायची, पण त्या मानाने अंग धरत नव्हती. दुधातून लिनोलेइक आम्ल मिळू लागताच कातडी पूर्ववत झाली. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, पण बाळाच्या दुधात हे आम्ल हवंच, हा आग्रह त्यानंतर पक्का झाला.

याची चाहूल आधीच लागली होती. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना स्निग्धांशाविना अन्न दिलं, तेव्हा त्यांच्या शेपटीवर खवले आले, वाढ खुंटली. शरीराला हवीत पण स्वतः बनवता येत नाहीत, अशी दोन मेदाम्लं आहेत : ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आणि ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक.

दुसऱ्याचं महत्त्व कळायला फार उशीर लागला. पोटात गोळी लागलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीला शिरेतून पोषण दिलं जात होतं आणि त्यातला स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. करडईत लिनोलेइक भरपूर, अल्फा-लिनोलेनिक मात्र नावालाच. काही महिन्यांत तिचे पाय बधिर झाले, चालता येईना, नजर धूसर झाली. सोयाबीनचं तेल सुरू केल्यावर ती सावरली. राल्फ होलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ही हकीकत मांडली.

अल्फा-लिनोलेनिकपासून शरीर डीएचए बनवतं, तेही थोडंसंच. मेंदू आणि डोळ्यांतल्या पडद्याच्या घडणीत हे डीएचए लागतं. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून त्याचा मोठा साठा बाळाला मिळतो, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्याची उणीव अधिक भासते. आईच्या दुधात ते असतंच. डब्यातल्या दुधासाठी ते सूक्ष्म शैवालापासून किंवा माशांच्या तेलातून काढतात. युरोपात २०२० पासून ते घालणं सक्तीचं आहे.

पण डीएचएने बाळ हुशार होतं, हा दावा जपूनच ऐकावा. पूर्ण दिवसांच्या बाळांवरच्या अनेक चाचण्यांचा २०१७ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नजरेला किंवा बुद्धीला ठोस फायदा दिसला नाही. केवळ त्यासाठी महागडा डबा घेऊन संसाराची ओढाताण करण्याचं कारण नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या दुधाच्या जाहिरातीला आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

पहिले सहा महिने आईचंच दूध द्यावं. आईच्या ताटात बांगडा, तारली असावी. मासे खात नसाल तर जवसाची चटणी, अक्रोड असावेत. वरचं दूध द्यावंच लागलं, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच बनवा. साय काढलेलं किंवा पाणी घातलेलं दूध तान्ह्या बाळाला देऊ नका, आणि बाटलीत घरचं तेल-तूपही घालू नका.