परत येणारं पाणी

मिनियापोलिसला ताईच्या घरी जानेवारीतल्या एका पहाटे जाग आली. बाहेर उणे 22 अंश होतं आणि मी अनवाणी होतो. पाय खाली टेकवताना अंग आपोआप चोरलं गेलं; लहानपणी घरात शहाबादी फरशी होती, थंडीत टाचा उचलून चालायची सवय तिथलीच. पण ही फरशी गार लागली नाही. गरमही नव्हती. गाय नुकतीच उठून गेलेल्या जागेची माती लागते तशी कोमट होती.

खोलीत शेगडी नव्हती, गरम हवा सोडणारी जाळीही नव्हती. फरशीखालच्या काँक्रीटमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या प्लास्टिकच्या नळीची वेटोळी पुरलेली होती आणि त्यांतून पाणी फिरत होतं. किती पाणी? एका खोलीला मिनिटाला साधारण एक लिटर. नळ जेमतेम सोडला तर येईल एवढी धार! ते लिटरभर पाणी वाटेत दहा अंशांनी निवलं, की सुमारे 700 वॅट उष्णता खोलीला देऊन जातं. नीट बांधलेल्या झोपायच्या खोलीला तेवढी पुरते. हेच काम हवेकडून करून घ्यायचं, तर साडेतीन हजार पट हवा हलवावी लागेल. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनला, फ्रँक लॉइड राइट यांनी 1937 मध्ये जेकब्स कुटुंबाचं घर बांधलं, त्यातही जमिनीखाली असे नळ घातले होते. तशी ऊब त्यांनी आधी जपानमध्ये, कोरियन पद्धतीच्या एका खोलीत अनुभवली होती.

मला मात्र ओढ होती तळघराची. हे पाणी तापवणारा बॉयलर तिथे आहे.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी, वरून धूर. त्या धुरावर हात धरवत नसे, म्हणजे तेवढी उष्णता फुकट आभाळात जात होती. ताईकडचा बॉयलर भिंतीवर टांगलेला आहे, गॅसवर चालतो, आणि त्याचं धुराडं चक्क प्लास्टिकचं आहे. आत ज्योत पेटलेली असताना मी त्या नळाला हात लावला. जेमतेम कोमट!

खालून एक बारीक नळी निघते, तिच्यातून थेंब थेंब पाणी एका डब्यात पडत असतं. मला वाटलं, गळतंय. गळत नव्हतं. ते पाणी आगीतून येत होतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ती वाफ बाहेर गेली तर आपली उष्णता सोबत घेऊन जाते. तिला आतच थंड करून पाणी केलं, तर उष्णता घरात राहते. वाफेचं पाणी व्हायला लागतं साधारण 55 अंशांच्या खाली. हे पाणी आंबट असतं, म्हणून डब्यात संगमरवराचे खडे ठेवतात. त्यांच्यावरून जाताना त्याचा आंबटपणा मरतो.

पण वाफेला थंड कोण करणार? जमिनीत फिरून, निवून परत आलेलं पाणी. ते जितकं गार येईल तितका बॉयलर कमी गॅसमध्ये काम भागवतो. मी दोन्ही नळांना हात लावून पाहिले. जाणारा नळ ऊनऊन. येणारा गारही लागेना, गरमही लागेना. 33 अंशांचं पाणी, म्हणजे जवळजवळ माझ्या हाताच्या कातडीएवढंच.

ताईच्या पहिल्या हिवाळ्यात ते थेंब पडतच नव्हते. गॅसचं बिल भरमसाट, आणि कारण कुणाला कळेना. कारण होतं दोन टींमध्ये, म्हणजे नळांच्या तीन तोंडी जोडांमध्ये.

बॉयलरचा एक फेरा असतो, त्याचा पंप वेगळा. जमिनीचा दुसरा फेरा, त्याचाही पंप वेगळा. दोन्ही फेऱ्यांत एक आखूड तुकडा सामाईक असतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन टी. त्यांच्यातलं अंतर नळाच्या व्यासाच्या चौपटीहून जास्त ठेवायचं नाही. नळ एक इंची असेल तर चार इंच. पाणी वाहतं दाबातल्या फरकामुळे. एवढ्याशा तुकड्यात दोन्ही टोकांचा दाब जवळपास सारखाच, त्यामुळे एका पंपाचा धक्का दुसऱ्या फेऱ्याला लागत नाही. वर कुणी एका खोलीचं पाणी बंद करो की सगळ्या खोल्यांचं सुरू करो, बॉयलरमधून वाहणारं पाणी ठरल्याप्रमाणेच वाहतं. फेरे एकमेकांना भेटतात, पाणी देतात-घेतात, पण ढकलत नाहीत. अमेरिकेत 1950 च्या दशकात बेल अँड गॉसेट कंपनीचे गिल कार्लसन यांनी ही जोडणी रूढ केली. मला तर ती कवितेइतकी सुंदर वाटते.

मात्र टी हिशेबाला पक्की असते. जेवढं पाणी शिरेल तेवढं बाहेर पडणारच. ताईकडे नळजोडणी करणाऱ्याने बॉयलर 70 अंशांवर लावून ठेवला होता. मिनिटाला 20 लिटर पाणी टींपर्यंत यायचं. इतक्या कढत पाण्यातलं जमिनीला चारच लिटर पुरे. ते पुढे निवलेल्या पाण्यात मिसळून फरशीखाली जायचं. उरलेलं 16 लिटर त्या आखूड तुकड्यातून तसंच माघारी वळायचं आणि जमिनीतून आलेल्या 33 अंशांच्या पाण्यात मिसळायचं. बॉयलरला मिळायचं सुमारे 63 अंशांचं पाणी. मग वाफ कशाची थंड होते! दुसऱ्या एका जाणकाराने बॉयलर 42 वर आणला. आता जमीन 20 पैकी 16 लिटर ओढून घेते, आणि परतीचं पाणी पस्तिशीच्या आसपास येतं. नळ एकही बदलला नाही.

खोल्यांची वाटणी होते ती जिन्याखालच्या कपाटात. तिथे पितळी आडव्या नळाला आठ फाटे आहेत आणि प्रत्येकावर पांढरी टोपी. टोपीच्या आत मेणाचा गोळा. वरच्या थर्मोस्टॅटने ऊब मागितली की इवलीशी विजेची तार मेण तापवते, मेण वितळून फुगतं, आणि त्याचा जोर टोपीखालची झडप उघडतो. दातेरी चाकं नाहीत, मोटार नाही. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात.

साडेपाचला न्हाणीघराची वेळ लावलेली होती. मी कपाटासमोर बसून राहिलो. न्हाणीघराच्या फाट्यावर प्रवाह दाखवणारी काचेची नळी आहे, तिच्यातली लाल खूण हळूच खाली सरकली. पाणी वाहू लागलं होतं. लगेच तळघरात उतरून परतीच्या नळाला हात लावला. रात्रभर फरशीखाली थांबलेलं पाणी येत होतं, चांगलं गार. बॉयलरची ज्योत मोठी झाली, आणि थोड्या वेळाने डब्यातले थेंब इतक्या भराभर पडू लागले की मोजता येईनात.