सत्तांतरानंतर देश सुधारला का, हे मोजायचे कसे? नेपाळचा धडा

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळचे तरुण भ्रष्टाचार आणि समाजमाध्यमांवरील बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरले. ७० हून अधिक जणांचे प्राण गेले आणि पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून जुना वाद पुन्हा पेटला आहे: २००८ मध्ये राजेशाही गेली, त्याने देशाचे भले झाले की वाटोळे?

लुंबिनी ज्या देशात आहे आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी जिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर भाषण दिले, त्या देशाविषयी मत बनवताना आपण घोषणांपेक्षा आकडे पाहायला हवेत. पण आकडे पाहण्याचीही एक रीत असते.

पहिला प्रश्न : सुधारणा आधीच सुरू होती का?

नेपाळमध्ये १९९५-९६ साली सुमारे ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २०१०-११ साली हे प्रमाण २५ टक्क्यांवर आले. एवढेच सांगितले तर श्रेय प्रजासत्ताकाला द्यावेसे वाटते. पण मधला आकडा पाहा. २००३-०४ साली, म्हणजे राजा गादीवर असताना आणि माओवादी युद्ध चालू असतानाच, ते ३१ टक्क्यांवर आले होते. यामागचे एक मोठे कारण म्हणजे आखाती देश, मलेशिया आणि भारतात राबणाऱ्या नेपाळी मजुरांनी घरी पाठवलेला पैसा. मातामृत्यूचेही तेच. एक लाख जिवंत जन्मांमागे १९९६ मध्ये ५३९, २००६ मध्ये २८१ आणि २०२१ मध्ये १५१. उतार सत्तांतराच्या आधीच सुरू झाला होता.

म्हणून 'आधी' आणि 'नंतर' असे दोनच आकडे कोणी समोर ठेवले, तर मधले आकडे मागावेत.

दुसरा प्रश्न : सत्तांतराशिवाय जे घडलेच नसते, ते कोणते?

इथे प्रजासत्ताकाचे पारडे जड होते. १९९९ च्या निवडणुकीत प्रतिनिधी सभेत एकही दलित निवडून आला नव्हता. २००८ च्या ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत सुमारे ५० दलित आणि १९७ स्त्रिया होत्या. आता प्रत्येक वॉर्डात एक जागा दलित स्त्रीसाठी राखीव आहे. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत सहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. हे आपोआप घडले नाही. चळवळीने ते संविधानात आणि कायद्यात लिहून घेतले.

तिसरा प्रश्न : तळाच्या माणसाचे काय?

सरासरी वाढली म्हणून तळाचा माणूस वर आला असे होत नाही. नेपाळमध्ये जातिभेद १९६३ मध्येच कायद्याने संपवला गेला आणि २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. तरीही मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात, वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणाऱ्या दलित तरुणाचा आणि त्याच्या सोबत्यांचा जमावाने पाठलाग केला. सहा जणांचा जीव गेला. वॉर्डातली जागा मिळाली, पण गावाची वृत्ती बदलली नाही. राजकीय लोकशाहीच्या पायाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकत नाही, हा बाबासाहेबांचा १९४९ चा इशारा इथे तंतोतंत लागू पडतो.

आणि किंमत?

१९९६ ते २००६ च्या युद्धात सुमारे १७,००० लोक मेले. बेपत्ता झालेल्यांची कुटुंबे अजूनही न्यायाची वाट पाहत आहेत. हा आकडा हिशेबाबाहेर ठेवून कोणतेही सत्तांतर 'यशस्वी' ठरवता येत नाही.

आमचे मत असे : नेपाळमध्ये राजा गेल्याने गरिबी हटली हे म्हणणे चूक आहे आणि राजा असता तर बरे झाले असते हेही चूक. प्रतिनिधित्व मिळाले, ही खरी कमाई. रोजगार आणि जातिअंत बाकी आहे, म्हणून तर तरुण पुन्हा रस्त्यावर आले. आपल्या अभ्यासवर्गात कोणत्याही देशाच्या सत्तांतरावर चर्चा निघाली, की आधी हे प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मग बाजू घ्यावी.